धोंडूच्या सुया

कुत्र्याच्या पाठीवरून बोट फिरवत शेपटीकडे गेलं की कमरेचे मणके संपतात तिथे एक खळगा लागतो. डॉक्टर आधी तो खळगा चाचपतात, केस बाजूला सारून स्पिरिटचा बोळा फिरवतात आणि जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची सुई प्लॅस्टिकच्या नळीतून टिचकी मारून आत सोडतात. ॲक्युपंक्चरमध्ये, म्हणजे सुया टोचून उपचार करण्याच्या चिनी वैद्यकात, या जागेला बाई-हुई म्हणतात. मग कण्याच्या दोन्ही अंगांना काही सुया, गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला एक, आणि सगळ्यात शेवटी मागच्या पंजांच्या बोटांमधल्या पडद्यांत. या शेवटच्या सुया आमच्या धोंडूला अजिबात पसंत नाहीत. पाठीवर सुया रोवल्या तर तो जांभई देतो, पण पंजाला हात लागला की मान वळवून डॉक्टरांच्या मनगटावर दात टेकवतो. चावत नाही, फक्त नोंद करून ठेवतो. डॉक्टरांना याचाच कोण आनंद! पहिल्या वेळी त्याच पडद्यांत सुया गेल्या तेव्हा त्याने मागे वळूनही पाहिलं नव्हतं.

सुया लावून झाल्या की वीसेक मिनिटं तो घोरत पडतो. पाहणाऱ्याला वाटावं, काय सुखी जीव आहे. पण उजव्या खांद्याकडे नीट पाहिलं तर तिथे साधारण दर सेकंदाला एक आचका बसत असतो. जागेपणी, जेवताना, भुंकताना, आणि झोपेतसुद्धा. डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूचा आजार अंगावरून गेल्याची ही खूण. गोळ्यांनी या आचक्याला फारसा फरक पडत नाही आणि सुयांनीही पडलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण सुयांबद्दल चार बरे शब्द बोलले की लोकांना वाटतं, ही आता चमत्कार सांगणार.

धोंडू आमच्या सोसायटीच्या जनरेटरमागे जन्मला. ऑक्टोबरच्या उकाड्यात पिल्लांचे डोळे चिपडांनी चिकटले, नाकं वाहू लागली, मग जुलाब. बघता बघता एकेक करून सगळी गेली, हा एवढा राहिला. वॉचमनच्या बायकोने त्याचं नाव धोंडू ठेवलं. ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथे धोंडू, दगडू, केरू अशी नावं ठेवायची पद्धत आहे, म्हणजे यमाला वाटावं की हे काही न्यायच्या लायकीचं नाही. तिच्या स्वतःच्या धाकट्या दिराचं नाव दगडू, आणि तो आज बीडकडे एसटीत कंडक्टर आहे. त्यामुळे हा उपाय तिच्यालेखी पुरता सिद्ध झालेला.

आजार धोंडूलाही झालाच, पण तो काही दिवसांत उठून दूधभात खायला लागला. सगळ्यांना वाटलं, वाचला. डिस्टेंपर फसवतो तो नेमका इथे. हा विषाणू गोवराच्या घराण्यातला. गुरांचा बुळकांड्या हाही त्यांचाच भाऊबंद. बुळकांड्याचं नाव जुन्या शेतकऱ्यांपुढे काढून पाहा. गोठेच्या गोठे रिकामे झालेले त्यांनी पाहिलेत किंवा आपल्या बापाकडून ऐकलेत. लशीच्या जोरावर तो जगातून गेला, २०११ मध्ये तशी घोषणाच झाली. देवीनंतर माणसाने मुळासकट उपटलेला हा दुसराच रोग. गोवराची लस आपण पोराबाळांना देतो. कुत्र्यांचा भाऊबंद मात्र मोकळा फिरतो आहे. तो विषाणूमुळे होतो हे फ्रान्सच्या आंरी कारे यांनी १९०५ मध्येच दाखवून दिलं होतं आणि त्यावरची लसही कित्येक दशकं बाजारात आहे.

आधी तो श्वासनलिका आणि आतडी धरतो. ती लढाई शरीर जिंकतंय असं वाटत असतानाच मेंदूत आणि मज्जारज्जूत शिरलेला असतो. तिथे चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब होतं. आवरण गेलं की मेंदूचा निरोप पायापर्यंत उशिरा जातो, अर्धवट जातो किंवा जातच नाही. म्हणून ताप-जुलाब थांबल्यावर एक-दोन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, बरं झालेलं कुत्रं अचानक लटपटायला लागतं. पक्के दात येण्याआधी हा आजार झाला तर दातांवरचं एनॅमलही नीट तयार होत नाही. धोंडूच्या दातांवर तपकिरी खड्डे आहेत. जांभई दिली की त्याच्या लहानपणीचा ताप अजून दिसतो.

एका सकाळी तो मागचे दोन्ही पाय फरफटत पार्किंगमधून आला. पंजे उलटे वळलेले, वरची कातडी सोलवटून रक्त येत होतं. त्याच आठवड्यात फिट आली. जबडा कडाकडा वाजत होता, तोंडाला फेस, चारही पाय हवेत चालत होते. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच सुरू झालं, माणसांना होतो का, लहान मुलं खाली खेळतात, महापालिकेला कळवा. डिस्टेंपर माणसाला होत नाही, हे मी किती जणांना किती वेळा सांगितलं त्याचा हिशेब नाही. शेवटी त्याला आमच्याच घरी आणला. सासूबाई म्हणाल्या, "आणलास खरा, पण गॅलरीत ठेव." दोन दिवसांनी तो हॉलमध्ये होता आणि त्याच्या अंगाखाली सासूबाईंची जुनी गोधडी होती.

पहिल्या दवाखान्यात तपासणीचं किट लावलं, डिस्टेंपरच निघाला. फिट्सच्या गोळ्या सुरू झाल्या आणि शांतपणे सल्ला मिळाला की इंजेक्शन देऊन मोकळं करा. त्या सल्ल्याचा मला तेव्हा राग आला होता, आज येत नाही. या विषाणूला मारणारं खात्रीचं औषध नाही. फिट्स वाढत जाणारी कुत्री खरंच हाल हाल होऊन जातात. लघवीवर ताबा नाही, अंगाला जखमा पडलेल्या, घरातलं कोणी रात्रीचं झोपलेलं नाही, असं आठवडेच्या आठवडे चालतं. रोज असे रुग्ण पाहणाऱ्या माणसाने घरच्यांना वाट दाखवली तर त्यात निर्दयपणा नाही. माझी अडचण वेगळीच होती. धोंडू खात होता, फिट्स गोळ्यांनी लांबल्या होत्या, आणि मी दाराशी आले की तो पुढच्या दोन पायांवर अख्खं अंग ओढत येऊन शेपूट हलवायचा. शेपटीपर्यंत निरोप पोचत होता. पायापर्यंत का नाही, आणि पुढेही पोचणार नाही हे इतक्या लवकर ठरवायचं कोणी, एवढंच मला विचारायचं होतं.

म्हणून दुसऱ्या डॉक्टर. या बाई प्राण्यांच्या रीतसर डॉक्टर, वर ॲक्युपंक्चर शिकलेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी सुई बाहेरच काढली नाही. धोंडूचा मागचा पंजा हातात घेतला, उलटा करून, म्हणजे वरची बाजू जमिनीला लावून ठेवला आणि थांबल्या. धडधाकट कुत्रं तो पंजा तत्क्षणी सरळ करतं. धोंडूने केला नाही, त्याला पत्ताच नव्हता. मग त्यांनी चिमट्याने बोट जोरात दाबलं. पाय आखडला. त्यावर मी आनंदाने काही बोलणार तोच त्या म्हणाल्या, "पायाकडे नका बघू, तोंडाकडे बघा." पाय आखडणं हा मज्जारज्जूचा परस्पर झालेला व्यवहार असू शकतो; वर मेंदूला खबर गेली का, ते तोंडावरून कळतं. पुन्हा दाबलं. धोंडूने कान मागे टाकले, मान वळवली आणि बारीक कण्हला. "खोल वेदना कळतेय. मग करून बघू," त्या म्हणाल्या.

घरी येऊन सांगितलं तेव्हा सासूबाईंनी भाजी निवडता निवडता निकाल दिला. "म्हणजे डाग देणंच की हे." त्यांचं माहेर सोलापूर जिल्ह्यातलं. बैल लंगडायला लागला की तापलेल्या लोखंडाने खांद्यावर किंवा मांडीवर डाग द्यायचे, नाहीतर बिब्बा घालायचे. मी विचारलं, मग बैल बरा व्हायचा का? "व्हायचा ना. महिनाभर बांधून ठेवला की होतोच." त्या सहज बोलून गेल्या. इतकं नेमकं बोललेलं पुढे मला मोठमोठ्या लेखांतही फारसं सापडलं नाही.

सोलापूर म्हटल्यावर आणखी एक धागा निघतो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस तिथलेच. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात सोलापूरचे कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते, आणि कोलकात्याचे डॉ. विजयकुमार बसूही होते. कोटणीस परत आले नाहीत. १९४२ च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, फिट्स येऊन गेले. बसू परतले, आणि पन्नासच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून आले. भारतात या विद्येचा जो प्रसार झाला त्याची सुरुवात त्यांच्यापासून धरतात. सोलापुरात कोटणीसांचं स्मारक आहे, सासूबाईंनी पाहिलेलं. चिनी सुया म्हटल्यावर त्यांची नापसंती एकदम निम्म्यावर आली ती कोटणीसांमुळे, माझ्या समजावण्यामुळे नव्हे.

कुत्र्यांच्या बाबतीत मात्र "हजारो वर्षांची विद्या" हे वाक्य मला खटकतं. चीनच्या जुन्या पशुवैद्यकात मान होता तो घोड्याला, कारण लढाई आणि टपाल त्याच्यावर चालायचं. त्यानंतर बैल, म्हैस. कुत्र्यावर कोण एवढी विद्या खर्च करणार! आज कुत्र्याच्या तक्त्यावर दिसणारे बरेचसे बिंदू हे माणसाच्या अंगावरचे बिंदू विसाव्या शतकात त्याच्या अंगावर बसवलेले आहेत. गुडघ्याखालचा तो बिंदू माणसात आहे तिथेच साधारण कुत्र्यात धरतात. यात फसवणूक आहे असं नाही. पण पुरातनपणाचं प्रमाणपत्र इथे चालत नाही, इतकंच.

मी एका सीएच्या ऑफिसात काम करते. कुठलाही आकडा दिसला की व्हाउचर कुठंय हे विचारायची सवय हाडात भिनलेली. तेव्हा सुया सुरू झाल्यावर मी तेही शोधलं. २००६ साली प्राण्यांवरच्या ॲक्युपंक्चरच्या प्रयोगांचा एक मोठा आढावा निघाला. त्याचा निष्कर्ष असा की शिफारस करावी इतका पुरावा नाही आणि मोडीत काढावं इतकाही नाही. म्हणजे आमच्या भाषेत, खातं उघडं. २०१० मध्ये ब्राझीलच्या डॉक्टरांनी मणक्यातली गादी सरकून पाय गेलेल्या चाळीस कुत्र्यांची तुलना छापली. ज्यांना सुईतून हलका विजेचा प्रवाह दिला त्या एकोणीसपैकी पंधरा सुधारली, आणि नुसत्या शस्त्रक्रियेनंतर दहापैकी चार. आकडे दमदार आहेत. पण कुठल्या कुत्र्याला कुठला उपचार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. आणि गादी सरकणं वेगळं, मायलिन जाणं वेगळं. गादीचा दाब एका जागी असतो, डिस्टेंपरची जळजळ मेंदूत आणि मज्जारज्जूत जागोजाग. ब्राझीलमध्ये डिस्टेंपरनंतरच्या कुत्र्यांवरही सुयांचे प्रयोग झालेत, कारण तिथेही हा आजार आपल्याइतकाच घरोघरचा. पण यातली काही कुत्री जळजळ ओसरली की आपोआपही सावरतात. एकाच कुत्र्याला सुया दिल्या आणि नाही दिल्या, असं दोन्ही करून बघता येत नाही. धोंडू आणि दगडू कंडक्टर, पुराव्याच्या दृष्टीने एकाच रांगेत.

सुया प्रत्यक्षात काय करतात याचं थोडंफार उत्तर मिळतं. वेदनेच्या बाबतीत ते बरंच पक्कं आहे. सुईने, विशेषतः विजेच्या प्रवाहाने, शरीर स्वतःचीच अफूसारखी द्रव्यं सोडतं. सत्तरच्या दशकात उंदरांवर आणि माणसांवर दाखवलं गेलं की त्या द्रव्यांना अडवणारं औषध दिलं की सुईने येणारा बधिरपणाही उतरतो. तुटलेली वाट पुन्हा जोडण्याबद्दल मात्र इतकं ठाम कोणी बोलू नये. आमच्या डॉक्टर बोलत नाहीत. धोंडूला फिट्स येऊन गेलेल्या म्हणून त्यांनी विजेचं यंत्र कितीतरी दिवस लावलंच नाही. नुसत्या सुया, आणि काही जागी बी-१२ चं इंजेक्शन. फिट्सच्या गोळ्या एक दिवसही बंद केल्या नाहीत. "हे सुरू केलं म्हणून गोळ्या सोडल्या" असं सांगणारे पालक त्यांच्याकडे येतात, त्यांना त्या जे सुनावतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सुयांपेक्षा मोठं काम घरी होतं. आमची फरशी गुळगुळीत, धोंडूचे पाय त्यावर कोळ्यासारखे चहूकडे पसरायचे. म्हणून हॉलभर सतरंज्या आणि धुतलेली गोणपाटं. ओढणीची झोळी करून पोटाखालून घ्यायची, मागचं धड उचलून धरायचं आणि त्याला चालवायचं, पंजा उलटा पडला की वाकून सरळ करायचा, पुन्हा पुढे. पंजांना भाच्याच्या जुन्या मोज्यांची जोडी. दर काही तासांनी पोट दाबून लघवी काढायची, हे नवऱ्याला माझ्याहून छान जमायचं. संध्याकाळी त्याला सरळ उभा करून कमरेला नुसता आधार द्यायचा, हळूच सोडायचा, कोसळायला लागला की धरायचा. सासूबाई टीव्हीवरच्या मालिकेची जाहिरात लागली की हे करायच्या. एका जाहिरातीच्या खंडात तो किती वेळ उभा राहतो यावर त्यांचं सगळं मोजमाप.

हिवाळा सरता सरता त्याने पंजा सरळ केला. अगदी सावकाश, जणू कोणीतरी दुसऱ्यानेच सांगितल्यावर आठवावं तसा. पुढे तो स्वतः उठायला लागला, मग चार पावलं, मग पडणं. आज तो चालतो, मागून थोडा डुलत. धावला तर ससा होतो, दोन्ही मागचे पाय एकदम टाकतो. जिना चढतो, उतरत नाही, उतरताना उचलून आणावा लागतो. फिट क्वचित येते. आचका आहेच.

लोक विचारतात, सुयांनी झालं का? विश्वास असणाऱ्यांना हो ऐकायचं असतं, नसणाऱ्यांना नाही, आणि दोघंही माझ्या उत्तराने नाराज होतात. चेतासंस्थेला सावरायला महिने लागतात. पण कुत्र्याचं काय करायचं हा निर्णय घरोघरी आठवड्याभरात होतो. दवाखान्याने "आता करण्यासारखं काही नाही" म्हटलं की घरातली माणसं हातपाय गाळतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. नुसतं "थांबा, वाट बघा" यावर कोणी रात्री उठून लघवी काढत नाही. दर आठवड्याला एक वार ठरलेला असला, तिथे एक जाणकार बाई पंजा उलटा ठेवून पाहणार आहेत आणि कागदावर लिहिणार आहेत हे ठाऊक असलं, की पुढचा आठवडा निभतो. सासूबाईंच्या माहेरचा बैल महिनाभर बांधून ठेवला जायचा तो डाग दिला होता म्हणूनच. एरवी त्याला चार दिवसांत पुन्हा जुंपला असता. सुईने याहून जास्त काही केलं असेल तर आनंदच आहे, मी ते खोडून काढणार नाही. पण तेवढं तरी केलं, आणि तेवढ्याचे पैसे मी कुरकुर न करता दिले. उलट बाजूही आहे. फिट्स आवरतच नाहीत, बोट दाबलं तरी तोंडावर काही उमटत नाही, अशा कुत्र्याला हीच आठवड्याची आशा नुसता छळ होते. आमच्या डॉक्टरांनी तिथल्याच एका पामेरियनच्या घरच्यांना सुया थांबवायला सांगितलेलं मी पाहिलं आहे. ते सांगणारा माणूस आणि सुई लावणारा माणूस एकच असणं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

राग मला येतो तो लशीवरून. पिल्लू सहा-आठ आठवड्यांचं झाल्यापासून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने लस द्यायची, चौथा महिना होईस्तोवर, आणि मग बूस्टर. एवढ्याने हे सगळं बहुतांशी टळतं. रस्त्यावरच्या कुत्र्यांना पकडून नसबंदी करायचे नियम २००१ मध्ये आले, २०२३ मध्ये नव्याने आले. त्यांत रेबीजची लस सक्तीची आहे. रेबीज आपल्याला होतो ना! डिस्टेंपरने फक्त कुत्री मरतात, तेव्हा त्याची फिकीर कोण करणार. फक्त कुत्री, हेही खरं नाही. २०१८ च्या सप्टेंबरात गीरच्या एकाच भागात पाहता पाहता २३ सिंह गेले, आणि काहींच्या नमुन्यांत हाच विषाणू सापडला. ती तपासणी आमच्या पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेत झाली. सिंहांसाठी लस अमेरिकेहून मागवली गेली. धोंडूच्या भावंडांसाठी ती कोपऱ्यावरच्या दुकानातल्या फ्रिजमध्ये होती.

यंदा जनरेटरमागे पुन्हा पिल्लं झाली. या वेळी मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला. तासभर घोळ झाला, कुत्री वाढवता कशाला इथपासून आधी लिफ्ट दुरुस्त करा इथपर्यंत. शेवटी गणपतीच्या वर्गणीतले उरलेले पैसे वापरायचं ठरलं. सेक्रेटरी काकांची एकच अट, खर्चाला पक्की पावती हवी. त्यामुळे आमच्या ऑडिटच्या फाइलमध्ये मखर, मंडप आणि ढोल-ताशाच्या बिलांना लागून दवाखान्याचं एक बिल आहे, सोसायटीच्या गणेशोत्सव मंडळाच्या नावाने, "पिल्ले, डिस्टेंपर व इतर लस, पहिला डोस." तपासायला ते माझ्याकडेच आलं. मी पास केलं आणि समासात लिहिलं, दुसऱ्या डोसची तरतूद करावी.